रात्री रिकाम्या लेडीज डब्यात चढायची भीती वाटते, हा फोबिया आहे का?

तुम्ही लिहिलंय की सेकंड शिफ्ट सुटल्यावर साडेअकराच्या लोकलला लेडीज डबा रिकामा असतो, एकटीने चढताना छाती धडधडते, आणि नवरा म्हणतो हा फोबिया आहे, डॉक्टरला दाखव. मी डॉक्टर नाही. पण मला खराखुरा फोबिया झाला होता. पुलाचा.

२९ सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. माझं ऑफिस तेव्हा परळला. त्या दिवशी मी रजेवर होते, घरात झेंडूची तोरणं करत बसले होते. पुढचे काही दिवस ऑफिसात सगळ्याच जणी पुलाला घाबरत होत्या. बाकीच्यांची भीती दिवाळीपर्यंत ओसरली, माझी पसरत गेली. आधी परळचा पूल, मग दादरचा, मग आमच्या स्टेशनातला, जिथे दुपारी कुत्रंसुद्धा नसतं. २०१८च्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला नवा पूल एल्फिन्स्टनला सुरू झाला. वाटलं, आता जाईल भीती. कसलं काय! पहिल्या पायरीलाच तळहात ओले आणि पोटात गोळा.

मग मी काय करावं? पूल टाळायला रूळ ओलांडू लागले. मुंबईच्या लोकलवर सगळ्यात जास्त जीव रूळ ओलांडतानाच जातात, रोज कानावर तीच सूचना पडायची. तरी मला पुलापेक्षा रूळ बरे वाटायचे. एकदा मोटरमनने असा हॉर्न दिला की पाय लटपटले. घरी सांगितल्यावर बहिणीने दुसऱ्याच दिवशी ओढत महापालिकेच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं.

तिथल्या मॅडमनी विचारलं, किती महिने झाले, काय काय टाळता, त्यापायी काय काय सुटलं. साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली, धोक्याच्या मानाने फारच मोठी, आणि रोजचं जगणं अडवणारी भीती असेल तर डॉक्टर तिला फोबिया म्हणतात. गोळ्या दिल्या नाहीत. रविवारी दुपारी बहिणीबरोबर पुलाच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं, धडधड आपोआप उतरेपर्यंत हलायचं नाही. धडधड वर चढलेली असताना पळालं की मेंदू समजतो, पळालो म्हणून वाचलो. मग दहावी पायरी, मग मधला भाग, मग एकटीने. गर्दीच्या वेळी पूल ओलांडायला मला तीन महिने लागले.

तुमचं मला वेगळं वाटतं. रात्री रिकाम्या डब्यात एकट्या बाईला कोणी त्रास दिला तर मदतीला जवळ कोणी नसतं, ही काही मनाची कल्पना नाही. (नवरोबांना म्हणावं, एकदा तुम्ही बाई होऊन बसून बघा.) तेव्हा करायच्या त्या गोष्टी करा: पोलीस किंवा होमगार्ड असलेला डबा बघून चढा, नसेल तर जनरल डब्यात चार कुटुंबं दिसतील तिथे बसा, १३९ हा रेल्वेच्या मदतीचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, घरी गाडीची वेळ कळवून ठेवा.

मीसुद्धा अजून जोरात पाऊस असला आणि पूल ठप्प दिसला की खाली प्लॅटफॉर्मवरच थांबते, दोन गाड्यांची गर्दी जाऊ देते. मॅडमना विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, हे मात्र सोडू नका.

आता एक तपासून बघा. एखाद्या रात्री डब्यात पाच-सहा बायका असतील, दाराशी पोलीस असेल, तर धडधड थांबते? तुम्ही मोबाईल काढून बसता, डुलकी लागते? मग डॉक्टरची गरज मला दिसत नाही. पण तशा भरल्या डब्यातही घाम फुटत असेल, सकाळच्या गाडीलाही नको वाटत असेल, नोकरी सोडायचे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लागतो. कळवा काय होतं ते.