‘कॉम्पॅट’ला जुनाट म्हणू नये

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ या वितरणातील, म्हणजे लिनक्स प्रणाली व तिचे प्रोग्राम एकत्र देणाऱ्या संचातील, ‘कॉम्पॅट-ओपनएसएसएल११’ या पॅकेजाच्या (बसवायला तयार अशा सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या) नावातल्या ‘कॉम्पॅट’ला मराठीत ‘जुनाट’ म्हणावे की ‘सुसंगत’, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत. ‘जुनाट’ हल्ली सर्रास ऐकू येते आणि दर वेळी खटकते. जुनाट असतो तो खोकला, घालवूनही न जाणारा. हे पॅकेज मात्र मुद्दाम ठेवलेले आहे. ओपनएसएसएल ही सांकेतिकरणाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. २०२२ साली आलेल्या या वितरणाने ‘ओपनएसएसएल’ हे मूळ नाव तिच्या नव्या ३.० शाखेला (आवृत्तीमालेला) दिले आणि १.१ चीच लायब्ररी मागणारे, आधी बांधून झालेले प्रोग्राम अडून पडू नयेत म्हणून १.१.१ ही शाखा वेगळ्या नावाने सोबत ठेवली. नावाच्या शेवटी ‘अकरा’ नाही, टिंब गाळलेले १.१ आहे.

‘कॉम्पॅट’ हे ‘कॉम्पॅटिबल’चे तोडलेले रूप, आणि त्याचे मूळ फार सुंदर आहे. लॅटिनमध्ये ‘कॉम्’ म्हणजे सोबत आणि ‘पातिओर’ म्हणजे मी सोसतो. म्हणून मुळात ‘कॉम्पॅटिबल’ म्हणजे दुसऱ्यासोबत सोसणारा. आपल्या दवाखान्यातला ‘पेशंट’ याच क्रियापदाचा वंशज आहे. जुन्या प्रोग्रामांपायी एक जादा शाखा वागवणाऱ्या, तिच्या सुरक्षादुरुस्त्यांचे ओझे वाहणाऱ्या वितरणाला हा अर्थ किती नेमका लागू पडतो!

परिभाषाकार ‘सुसंगत’वर अडून बसतात, ते मला मुळीच मान्य नाही. सुसंगत म्हणजे नीट मेळ असलेले, १.१ आणि ३.० यांचा तसा मेळ असता, तर दुसरे पॅकेज लागलेच नसते. ज्या विसंगतीमुळे हे पॅकेज जन्माला आले, तीच या प्रतिशब्दाने झाकली जाते.

मराठीत यासाठी ‘सांभाळून घेणे’ आहे. घरात नव्या माणसाला सांभाळून घेतात, तसे येथे नवी प्रणाली जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेते. सोसणे आणि सोबत या दोन्ही छटा त्यात आपोआप येतात. पॅकेजाचे नाव अर्थातच बदलू नये, पण वर्णनात ‘जुन्या प्रोग्रामांना सांभाळून घेणारी १.१ शाखा’ असे लिहावे. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणात हा पेच पडत नाही, कारण तेथे लायब्ररीच्या नावातच आकडा असतो: अकराव्या आवृत्तीत ‘लिबएसएसएल१.१’, बाराव्या आवृत्तीत ‘लिबएसएसएल३’.