२०६ मधलं 'पार्शल' आणि आपलं 'अर्धवट'

उद्यमनगरातल्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी कॅटलॉग सर्च बनवणाऱ्या एकानं विचारलंय, की इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, पाच शार्डमध्ये (वेगवेगळ्या ठेवलेल्या भागांत) आहे, एक शार्ड वेळेत उत्तर देत नाही, चार शार्डचे निकाल हातात आहेत, तर २०६ 'पार्शल कंटेंट' हा एचटीटीपी स्टेटस कोड (सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो तो आकडा) पाठवायचा का, आणि स्क्रीनवर 'आंशिक निकाल' लिहायचं का 'अर्धवट'?

भावा, २०६ नको. त्यातलं पार्शल म्हणजे समोरच्यानं स्वतः मागून घेतलेला तुकडा. ब्राउझर रेंज हेडर (रिक्वेस्टसोबतची सूचना) लावून सांगतो की या फाइलचे ० ते ९९९ बाइट दे, सर्व्हर तेवढेच देतो आणि उत्तराच्या कंटेंट-रेंज हेडरमध्ये लिहितो '०-९९९/५०००', म्हणजे अख्खं केवढं आहे तेही दोघांना माहीत. तुझ्याकडं कुणी तुकडा मागितलेलाच नाही, त्याला सगळं पाहिजे होतं आणि तुझ्याकडनं सगळं झालं नाही.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आधीपासनं आहेत बघ. आंशिक म्हणजे हिशोबानं घेतलेला वाटा, 'आंशिक रक्कम भरली' म्हणतो तसं. अर्धवट म्हणजे सुरू झालं आणि तडीस गेलं नाही, अर्धवट बांधकाम, अर्धवट शिक्षण. तेव्हा अर्थानं तुझे निकाल अर्धवटच, पण हाच शब्द माणसाला लावला की शिवी होते, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर मी तो टाकणार नाही. 'अपुरे' म्हटलं तर निकाल कमी पडले असं वाटतं. 'अपूर्ण निकाल' बरोबर बसतं, आणि त्याहून बरं म्हणजे सरळ वाक्य: 'सगळीकडं शोधता आलं नाही, सापडलं तेवढं दाखवतोय'.

कोड २०० ('ठीक आहे') ठेव आणि अपूर्णपणा बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, सांग. इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन मुळात असंच करतं, २०० देतं आणि आत किती शार्ड, किती फेल, टाइमआउट झाला का ते लिहितं, सोलर या दुसऱ्या सर्च इंजिनमध्ये बॉडीतल्याच 'रिस्पॉन्स हेडर' भागात 'पार्शल रिझल्ट्स' ट्रू येतं. २०७ मल्टी-स्टेटस वेबडॅवचा (एचटीटीपीवरनं सर्व्हरवरच्या फाइली सांभाळायची पद्धत), एका रिक्वेस्टमधल्या वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे स्टेटस सांगायला, इथं त्याचं काम नाही. पाचही शार्ड गेले तर मात्र ५०३, म्हणजे 'सेवा सध्या उपलब्ध नाही'. आणि जिथं एक जरी नोंद सुटली तरी चालत नाही, समजा स्टॉकची बेरीज, तिथं एक शार्ड गेला तरी ५०३ च दे, चुकीच्या बेरजेपेक्षा एरर परवडली.

एक मात्र विसरू नको, अपूर्ण उत्तराला कॅशे-कंट्रोल नो-स्टोअर (हे उत्तर साठवून ठेवू नका असं सांगणारा हेडर) लाव, नाहीतर शार्ड परत उभा राहिला तरी गिऱ्हाइकाला कॅशेमधली तीच तुटकी यादी दिसत राहील.