ओम्नीचा टप कापण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. विक्रोळीच्या एका वाचकांनी ओळखीच्या गृहस्थांकडून २०११ सालची आठ आसनी मारुती ओम्नी घेतली. मागच्या सीटा काढून तिथे झोपायला पलंग, त्याखाली कप्पे, जादा बॅटरी, टपावर सौर पॅनेल, छोटी शेगडी आणि आत उभं राहता यावं म्हणून टप कापून वर फायबरची टोपी, असा बेत आहे. कुर्ल्याच्या गॅरेजवाल्याने माप घेतलंय. कोकणात फिरायचं आणि हॉटेलचे पैसे वाचवायचे. विचारतात, "मॅडम, याला आरटीओची परवानगी लागते, की एवढ्याशा कामाला कोणी विचारत नाही?" शिवाय दोन ताजा कलम. पहिला, खर्च भागवायला अधूनमधून मित्रमंडळींना भाड्याने दिली तर चालेल का? दुसरा, गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, नावबदलाच्या (टीटीओच्या) कागदांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्यात, आणि पुढच्या महिन्यात गाडीला १५ वर्षं होतात.

लॉकडाऊननंतर असे प्रश्न वाढलेत. गाडी कधी ओम्नी असते, कधी ईको, कधी जुनी ट्रॅव्हलर, आणि गॅरेजवाल्याचं "कोण बघतंय साहेब" सगळीकडे सारखंच. पीयूसी लागतं, विमा लागतो, जुनी चलानं भरावी लागतात, हे मी लिहीत बसत नाही. मुंबईत १५ वर्षांनी गाडी मोडीतच काढावी लागते असंही अनेकांना वाटतं. तो गैरसमज दिल्लीच्या नियमावरून. आपल्याकडे तपासणी होऊन, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांची मुदतवाढ मिळते.

सगळं अडतं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर, आणि त्यातही कलमाखाली दिलेल्या एका वाक्याच्या स्पष्टीकरणावर. कलम सांगतं की आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. स्पष्टीकरण सांगतं की फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं. तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट या एका वाक्यासमोर उभी करून बघा, म्हणजे निम्मे प्रश्न मला विचारावे लागणार नाहीत.

गादी, पडदे, सुटे कप्पे, बॅटरीवरचा दिवा, पंखा यांनी रचना बदलत नाही. टप कापला की बदलते. उंची वाढते, वजन वाढतं, पत्र्याचा एक अखंड भाग तुटतो आणि कारखान्यातून जशी निघाली तशी ती गाडी राहत नाही. "थोडासाच कापायचाय" या सबबीला कायद्यात जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका प्रकरणात हा मुद्दा निकालात काढला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल चालणार नाही, बाकीच्या नोंदी मात्र नियमांनुसार बदलून आरसीवर चढवता येतात. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे पाच हजार गाडीमागे नाहीत, एकेका फेरफारामागे आहेत. तुमची यादी लांबलचक आहे, एवढंच सुचवते.

आणि कोणी बघत नाही हे खरंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कण्णूरला दोन यूट्यूबर भावांची सजवलेली कॅम्पर व्हॅन केरळच्या मोटार वाहन खात्याने ताब्यात घेतली आणि तिच्या नोंदणीवर कारवाई केली. ती गाडी त्यांच्या व्हिडिओंमुळेच ओळखीची झाली होती. तुम्हीही 'बिल्ड'चे, म्हणजे गाडीच्या बांधणीचे, व्हिडिओ टाकणार असल्याचं लिहिलंय. म्हणजे पुरावा तुम्हीच तारीखवार गोळा करून देणार.

आता कोणीतरी सांगेल की आरटीओच्या यादीत 'कॅम्पर व्हॅन' हा प्रकार आहेच. आहे. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गाड्यांमध्ये स्वतंत्र दाखवलेली आहे. पण त्या नावाखाली नोंद व्हायची तर तशी बांधणी मंजूर झालेली हवी, आणि बांधणीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. एका जुन्या ओम्नीसाठी हा खटाटोप गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडेल असं माझं मत आहे. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण पर्यटन व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. त्याचं कात्रण नाक्यावरच्या पोलिसाला दाखवून उपयोग नाही.

मधली गोष्ट सीटांची, आणि इथे मी छातीठोक बोलणार नाही. आरसीवर आसनक्षमता आठ लिहिलेली आहे. मागच्या सीटा कायमच्या काढल्या की ती नोंद खोटी ठरते, आणि तपासणारा अधिकारी कडक असेल तर तेवढ्यावरही बोट ठेवील. तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे: मारुतीने हीच ओम्नी पाच आसनी म्हणूनही विकली. तेव्हा आठाची पाच करून मिळावी असा लेखी अर्ज वडाळ्याच्या आरटीओ कार्यालयात करून बघण्यासारखा आहे. उत्पादकाने स्वतःच दिलेल्या रूपाकडे तुम्ही जाताय, त्याबाहेर नाही, असं म्हणता येतं. एक अधिकारी मानेल, दुसरा उत्पादकाचं पत्र मागेल. नाही म्हटलं तर तेही लेखी घ्या. खिडकीवरच्या तोंडी "हो, चालेल"ला किंमत शून्य.

अर्ज मंजूर होईपर्यंत सीटा जागेवर राहू द्या आणि पलंग असा करा की दुमडलेल्या सीटांवर प्लायच्या फळ्या टाकून, पट्ट्यांनी आवळून तो बसेल आणि दोघांना उचलून बाहेर ठेवता येईल. वेल्डिंग नको, जमिनीच्या पत्र्याला नवी भोकं नकोत. सौर पॅनेल टपाला स्क्रूने ठोकू नका. घडीचं घ्या, मुक्कामाला पोचलात की बाहेर उन्हात टाका. चालत्या गाडीत त्या पलंगावर माणूस झोपवायचा नाही, लहान मूल तर नाहीच. काचांना फिल्म लावू नका, पडदे गाडी उभी असतानाच ओढा. शेगडी गाडीबाहेर पेटवा. आत आगीशी खेळ नको, ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं हे चालवणाऱ्याला सांगायला नको.

एजंट तुम्हाला आणखी एक तोडगा सांगेल: रीपासिंगच्या, म्हणजे मुदतवाढीच्या तपासणीच्या, दिवसापुरत्या सीटा बसवा, मग काढून टाका. तो मी सांगणार नाही. अधिकारी फसेलही, पण अपघातानंतर येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर निवांत फोटो काढतो.

एवढं सगळं कलम ५२ चं. पण खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत ते दुसऱ्या क्रमांकावर जातं, आणि याला कारण तुम्ही स्वतः. गाडी घेऊन आठ महिने झाले, सह्या केलेले कागद कपाटात, आणि आता गॅरेजवाला माप घेतोय! गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं, विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. दोघांनीही काही केलं नाही. नोंदणीच्या मुदतवाढीचा अर्ज मालकाने किंवा मालकाच्या वतीने करायचा असतो, आणि कागदोपत्री मालक तुम्ही नाही. मुदत संपेपर्यंत ट्रान्सफर झालं नाही तर बहुधा आधी जुन्या मालकाच्या नावाने रीपासिंग, मग नावबदल, असे दुहेरी हेलपाटे पडतील. त्यांचा मोबाइल नंबर गाडीच्या नोंदीला जोडलेला असेल तर ओटीपीही त्यांच्याकडेच जाणार. ते नाशिकला राहायला गेल्याचं तुम्ही लिहिलंय, ते फोन उचलतात की नाही हे लिहिलेलं नाही.

न उचलले तर त्यांना एकच निरोप पाठवा. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी कितीही हातांतून पुढे गेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईला जबाबदार मालक. उद्या तुमच्या हातून कशेडी घाटात कोणाला धक्का लागला तर दाव्याची नोटीस नाशिकला जाईल. हे वाचल्यावर ओटीपी लवकर येतो, असा माझा अनुभव.

तुमच्या बाजूने तर त्याहून वाईट. विमा जुन्या मालकाच्या नावावर आहे, असं मी गृहीत धरते, कारण तुम्ही विम्याचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. त्रयस्थाच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा आग यांचे पैसे, पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ सालीच सांगितलंय. त्यातून गाडीत न कळवलेली जादा बॅटरी आणि नवं वायरिंग असलं तर कंपनी दावा नाकारणार हे धरून चाला. मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे कधी कधी 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडलेली, तरी अंशतः मान्य) दावा म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम पदरात पडते, पण तारखांवर तारखा घेत ती हाती येईपर्यंत ओम्नी भंगारात गेलेली असते. म्हणून बॅटरी बसवायच्या आधी कंपनीला ईमेल करा, पोच ठेवा, जादा प्रीमियम मागितला तर भरा.

मित्रांना भाड्याने द्यायचं मात्र डोक्यातून काढा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी पैसे घेऊन दिली की विनापरवाना वापर. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय नोंदणी निलंबित होऊ शकते. पेट्रोलचे पैसे वाटून घेणं आणि दिवसाचा दर ठरवणं यांतला फरक तुम्हालाही कळतो.

तेव्हा या आठवड्यात गॅरेजवाल्याला थांबवा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर ती आधी, कारण तिच्यावाचून आरटीओची कामं अडतात. लगेच ट्रान्सफरचा अर्ज, आणि नाव चढलं की त्याच दमात मुदतवाढीचा. तो मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो, म्हणजे तुमच्या हातातले निम्मे दिवस गेलेलेच आहेत. चारचाकीला शुल्क पाच हजार, उशीर झाला तर दर महिन्याला, अर्धवट महिना धरूनही, पाचशे जादा. मुदत टळली तर गाडी सोसायटीतच उभी ठेवा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच खेपेला पाच हजारांपर्यंत दंड, आणि विमा कंपनीला आणखी एक आयतं निमित्त.

फायबरच्या टोपीसाठी आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा. पावती घेतली असेल तर मिळेल. तुमची आठ महिन्यांची रीत बघता घेतली असेल असं वाटत नाही, आणि त्या वसुलीसाठी दावा लावायचा विचार करत असाल तर कोर्ट फी आणि वकिलाची फी आधी त्या रकमेशी ताडून बघा.