नाताळच्या सुट्टीत वाचायला कोणत्या प्रेमकादंबऱ्या सुचवाल?

तुम्ही विचारलंय की 24 डिसेंबरपासून आठ दिवस सुट्टी आहे, नाताळच्या पार्श्वभूमीवरच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या सुचवा, फार गोडमिट्ट नकोत, रडवलं तरी चालेल. आणि शेवटी हळूच लिहिलंय की इंग्रजी वाचायचा वेग बेताचा आहे. या शेवटच्या वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसले, कारण बहुतेक याद्या ते लक्षातच घेत नाहीत.

मी डोंबिवलीत वाढले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररी होती, तिथे मिल्स अँड बूनची पुस्तकं दोन रुपये रोजाने मिळायची. काका ती काउंटरच्या खाली ठेवत आणि कॉलेजच्या मुलींनी मागितली की वर्तमानपत्रात गुंडाळून देत. त्यातली काही नाताळची असायची. नायिका तीच, नायकही तोच, फक्त मुखपृष्ठावर दोघांनी स्वेटर घातलेले. पन्नासेक वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की यातल्या बहुतेक गोष्टींतून नाताळ उचलून बाजूला ठेवला तरी काही बिघडत नाही. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे : नाताळ काढला तर गोष्ट कोसळते का? कोसळत असेल तर पुस्तक घरी न्यायचं.

नाताळ या गोष्टींत नेमकं काय करतो, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. वर्षभर भावाशी अबोला धरलेला माणूससुद्धा गणपतीला गावी जातोच. मग पाच दिवस एकच पडवी, एकच न्हाणीघर, आणि ज्यांची तोंडं पाहायची नव्हती ती सगळी माणसं समोर. तिकडे नाताळ तेच करतो. त्यात बर्फ पडून रस्ता बंद झाला की कुणाला मध्येच उठून निघून जाताही येत नाही. लेखकाला घाटात आयती दरड कोसळून मिळते.

या कसोटीवर माझ्या लेखी पहिला नंबर रोझामुंड पिल्चरच्या ‘विंटर सॉल्स्टिस’चा. 2000 साली आलेली ही तिची शेवटची कादंबरी. तेव्हा ती पंचाहत्तरीत होती, आणि ते पानापानावर जाणवतं. नायिका एल्फ्रिडा बासष्ट वर्षांची, नाटकातून निवृत्त झालेली, लंडन सोडून हॅम्पशरमधल्या एका खेड्यात कुत्र्यासह राहायला आलेली. तिथे ऑस्कर नावाच्या संगीतशिक्षकाच्या कुटुंबाशी तिची मैत्री होते. मग ऑस्करची बायको आणि बारा वर्षांची मुलगी एका मोटार अपघातात जातात. बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलांना राहतं घर विकायचं असतं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे एका जुन्या घरात ऑस्करचा अर्धा वाटा आहे, तिथे तो जातो आणि एल्फ्रिडा त्याच्याबरोबर जाते. प्रेमात पडून वगैरे नाही. माणूस एकटा जाऊ नये म्हणून.

दोघांचं ठरलेलं असतं की या वर्षी नाताळ करायचा नाही. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, तसंच. पण सण टाळायला गेलेल्या त्या घरात एकेक माणूस येऊन थडकतं. एल्फ्रिडाच्या नात्यातली, ऑस्ट्रियातलं एक प्रकरण मोडून परतलेली कॅरी. तिच्याबरोबर चौदा वर्षांची भाची लूसी, जी कुणालाच सुट्टीत नको आहे. आणि बर्फाच्या वादळात दारात उभा राहिलेला सॅम, ज्याच्या खिशात त्याच घराची किल्ली आहे. किल्ली त्याच्याकडे कशी आली, ते वाचा.

या पुस्तकात घाई नाही. लोक चहा करतात, लाकडं आत आणतात, मासे विकत घेतात, दुपारी साडेतीनलाच दिवे लावतात, कारण तिकडे डिसेंबरात त्याच सुमाराला अंधारून येतं. वाक्यं साधी आहेत, शब्द घरातले आहेत. जाड दिसतं म्हणून घाबरू नका, बेताच्या वेगाने वाचणाऱ्याला हेच सगळ्यात सोपं जाईल. ज्या पानावर ऑस्कर पुन्हा संगीताकडे वळतो ते मी लोकलमध्ये वाचत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’

दुसरं, ‘वन डे इन डिसेंबर’, लेखिका जोसी सिल्व्हर, 2018. लंडनमध्ये डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसलेली लॉरी बसस्टॉपवरच्या एका मुलाकडे बघते, तोही तिच्याकडे बघतो, आणि बस सुटते. वर्षभर ती त्याला गर्दीत शोधते. पुढच्या डिसेंबरात जिवाभावाची मैत्रीण सेरा आपल्या नव्या मित्राची, जॅकची, ओळख करून देते, तर तोच. इथून पुढे दहा वर्षं. मलपृष्ठ वाचून मला वाटलं होतं की हा प्रेमाचा त्रिकोण आहे. खरं तर हे दोन मैत्रिणींचं पुस्तक आहे, मुलगा निमित्त आहे. जॅक मला अधूनमधून अगदी डोक्यात गेला. तरी रात्री दीडपर्यंत दिवा बंद केला नाही, तेव्हा काय म्हणणार. तुम्हाला रडायचं असेल तर हे घ्या.

‘लेट इट स्नो’ 2008 ची, तिघांनी मिळून लिहिलेली : मॉरीन जॉन्सन, जॉन ग्रीन आणि लॉरेन मिरॅकल. एका वादळात एक गाव गाडलं जातं, आगगाडी अडकते, आणि तीन गोष्टी एकमेकींत गुंततात. नायक-नायिका शाळकरी वयाचे. पहिल्या गोष्टीत मुलीचे आईवडील नाताळची शोभेची घरं विकत घेण्यावरून झालेल्या हाणामारीत तुरुंगात जातात, एवढं सांगितलं की सूर कळेल. पहिली गोष्ट सर्वांत चांगली, शेवटची जरा लहान मुलांची. एका बैठकीत एक गोष्ट होते, म्हणून हात बसवायला उत्तम.

तुम्ही चाळिशी-पन्नाशीतले असाल तर जास्मिन गिलरीची ‘रॉयल हॉलिडे’ बघा. विवियन पन्नाशी ओलांडलेली, समाजसेवी कार्यकर्ती, मुलीच्या कामानिमित्त तिच्याबरोबर इंग्लंडच्या राजघराण्याच्या सँड्रिंगहॅमच्या वाड्यावर जाते आणि राणीच्या खाजगी सचिवाच्या प्रेमात पडते. दोघं कृष्णवर्णीय, दोघं समंजस. भांडण जवळजवळ नाहीच. माझ्या कसोटीवर हे काठावर पास, कारण गोष्ट घडते म्हणजे दोघं फिरतात आणि खातात. पण इस्त्री करून झाल्यावर पाय पसरून वाचायला असं एक पुस्तक घरात असावं.

‘सण आपला नाही, मग आपल्याला का आवडतो?’ हा प्रश्न मला माझ्या सासूबाईंनी एकदा विचारला होता. त्याचं उत्तर जीन मेल्ट्झरच्या ‘द मॅत्झा बॉल’मध्ये सापडलं. रेचल ज्यू धर्मगुरूची मुलगी, आणि ती टोपणनावाने नाताळच्या प्रेमकादंबऱ्या लिहून पोट भरते. घरात नाताळच्या वस्तूंची एक खोलीच आहे, ती कुलूपबंद. मग प्रकाशक म्हणतात की आता हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या सणाची, प्रेमकथा दे, आणि तिला काही सुचेना. तिला सतत थकवणारा एक दीर्घ आजार आहे, जो लेखिकेलाही आहे. तो भाग इतका खरा उतरलाय की विनोद जिथे ओढूनताणून आलेत तिथेही मी माफ केलं.

सुखान्त-दुःखान्ताची चिंता न करता काही वेगळं हवं असेल तर पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’. 1948 च्या डिसेंबरात हायस्मिथ न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात तात्पुरती नोकरी करत होती. तिथे आलेल्या एका बाईवरून तिला ही गोष्ट सुचली. बाहुल्यांच्या काउंटरवरची तेरेझ, ग्राहक म्हणून आलेली कॅरल, आणि तेरेझने पाठवलेलं एक नाताळचं कार्ड. दोन स्त्रियांचं प्रेम, म्हणून 1952 साली पुस्तक टोपणनावाने छापावं लागलं, स्वतःच्या नावावर घ्यायला तिला 1990 उजाडलं. अर्धं पुस्तक संपायच्या आत नाताळ मागे पडतो, पण त्या गर्दीच्या हंगामाशिवाय तात्पुरती नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर भेट नाही. इंग्रजी मात्र थोडं तुटक, थंड आहे. पहिल्यांदा हेच घेऊ नका.

हे सगळं जड वाटत असेल तर ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’. कादंबरी नाही, 1905 ची छोटीशी गोष्ट. नवऱ्याला भेटवस्तू घ्यायला बायकोजवळ एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. पाऊण तासात होईल. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे. शेवट तुम्हाला आधीच माहीत असेल, तरी वाचा.

खरेदीचं एक : ही पुस्तकं तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात येतात, आपल्या दिवाळी अंकांसारखा हंगामी धंदा आहे. डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’सुद्धा 1843 साली नाताळच्या सहा दिवस आधीच आलं होतं. आपल्याकडे मात्र मागच्या वर्षीची मिळतात ती जानेवारीत, फुटपाथवर, निम्म्या किमतीत. यंदासाठी किंडलवर घ्या, नाहीतर 24 तारखेला हातात पडेल याची खात्री नाही. शिवाय अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो, तुमच्यासाठी ते बरं.

आठ दिवसांत ‘लेट इट स्नो’ दोन दिवस आणि उरलेले सहा ‘विंटर सॉल्स्टिस’, एवढंच करा. ‘डॅश अँड लिली’ कुणीतरी सुचवेलच, न्यूयॉर्कच्या स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानात लाल वही सापडते ती कादंबरी. गोष्ट गोड आहे, पण निम्मा विनोद शब्दांच्या कोट्यांत आहे. पहिल्या वीस पानांत कंटाळलात तर सोडून द्या. मीही पहिल्यांदा सोडली होती.