कामाची जागा, लिंगओळख आणि स्त्रियांचे हक्क : ब्रिटनमधील कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आणि ब्रिटिश कंपन्यांसाठी पुण्या-मुंबईत काम करणाऱ्या मराठी वाचकांकडून या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकाच विषयाकडे आहे. लिंग हे जैविक असते आणि ते बदलत नाही, असे मानणारी व्यक्ती आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) सहकारी एकाच कार्यालयात काम करत असतील, तर कायदा कोणाला काय देतो, हा तो विषय. हे प्रश्न पोटतिडकीने विचारलेले आहेत. प्रत्येकाच्या मागे कोणाची तरी नोकरी किंवा कोणाचा तरी आत्मसन्मान आहे, हे लक्षात ठेवून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पुण्यात कायद्याचे शिक्षण घेते. लिंग जैविक असते आणि ते बदलत नाही, हे माया फोर्स्टेटर यांचे मत आधी न्यायाधिकरणाने संरक्षणास अपात्र ठरवले आणि नंतर तेच मत संरक्षित ठरले. एकाच कायद्याखाली इतके विरुद्ध निर्णय कसे होऊ शकतात?

आधी हकिकत पाहू. फोर्स्टेटर या करविषयक संशोधक. ‘सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट’ या अभ्याससंस्थेच्या लंडन कार्यालयाशी त्या अभ्यागत संशोधक आणि सल्लागार म्हणून जोडलेल्या होत्या. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकार लिंगओळखीच्या कायदेशीर मान्यतेची प्रक्रिया सोपी करण्याचा विचार करत होते. त्याविरुद्ध त्यांनी ट्विटरवर लिहिले, काही सहकाऱ्यांनी तक्रार केली, आणि त्या वर्षाअखेरीस त्यांचा करार संपल्यावर तो पुढे चालू ठेवला गेला नाही. आपल्या मतामुळे आपल्याला दूर केले, असा दावा घेऊन त्या लंडनच्या रोजगार न्यायाधिकरणात गेल्या.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात, म्हणजे ‘इक्वॅलिटी ॲक्ट’मध्ये, नऊ संरक्षित वैशिष्ट्ये आहेत. लिंग हे त्यांपैकी एक, लिंगबदल हे दुसरे, आणि ‘धर्म किंवा धारणा’ हे तिसरे. धारणा म्हणजे केवळ धार्मिक श्रद्धा नव्हे. हवामानबदलाविषयीची दृढ नैतिक धारणाही त्यात बसू शकते, असे २००९ मध्ये ग्रेंजर खटल्यात ठरले होते. त्याच खटल्याने पाच कसोट्या घालून दिल्या. धारणा प्रामाणिक असावी, ते निव्वळ तात्कालिक मत नसावे, ती मानवी जीवनाच्या महत्त्वाच्या अंगाशी निगडित असावी, तिच्यात सुसंगती आणि गांभीर्य असावे, आणि ती लोकशाही समाजात आदरास पात्र असावी, म्हणजे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत किंवा इतरांच्या मूलभूत हक्कांना छेद देणारी नसावी.

फोर्स्टेटर पहिल्या फेरीत अडल्या त्या या पाचव्या कसोटीवर. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश टेलर यांनी असे ठरवले की, समोरच्या पारलिंगी व्यक्तीची प्रतिष्ठा दुखावली तरी आपल्याला योग्य वाटेल त्या लिंगानेच तिचा उल्लेख करणे हा त्यांच्या धारणेचाच भाग आहे, आणि म्हणून ती धारणा आदरास पात्र नाही. जून २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी हा निर्णय फिरवला. त्यांच्या मते पाचवी कसोटी हा अगदी खालचा उंबरठा आहे. नाझीवाद, हुकूमशाही किंवा हिंसेला चिथावणी यांच्या तोडीच्या धारणाच त्यावर अडल्या पाहिजेत. एखादी धारणा बाळगणे ही एक गोष्ट आणि ती एखाद्या प्रसंगी कशी व्यक्त केली ही दुसरी, हा भेद पहिल्या निकालात पुसला गेला होता. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे. कायदा तोच होता. पहिल्या न्यायाधीशांनी धारणेच्या संभाव्य वापरावरून धारणेलाच तोलले, आणि अपिलात हे दोन तराजू वेगळे केले गेले.

विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट हमखास निसटते. २०२१ च्या निकालाने फोर्स्टेटर खटला जिंकल्या नव्हत्या. त्यांना फक्त दार उघडे झाले होते. त्यांच्याशी भेदभाव झाला, हे जुलै २०२२ मध्ये पूर्ण सुनावणीनंतर ठरले, आणि भरपाई २०२३ मध्ये मिळाली. ती व्याजासह एक लाख पौंडांहून अधिक होती. वर्षाअखेरीस न वाढवलेल्या एका करारासाठी संस्थेला आणि त्यांनाही साडेचार वर्षे झुंजावे लागले.

प्रश्न : लेस्टरमध्ये मी एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. टीममध्ये एक पारलिंगी स्त्री आहे. दुसरा सहकारी बैठकीत तिचा उल्लेख मुद्दाम ‘तो’ असा करतो आणि विचारले की फोर्स्टेटर निकालाचा दाखला देतो. त्याला थांबवले तर मीच अडचणीत येईन का?

नाही. मात्र त्याला थांबवण्याची पद्धत योग्य हवी. तो ज्या निकालाचा दाखला देतो त्याच निकालात न्यायमूर्ती चौधरी यांनी स्पष्ट केले आहे की, या निर्णयामुळे कोणालाही पारलिंगी व्यक्तींचा चुकीच्या लिंगाने उल्लेख करण्याची मुभा मिळत नाही, आणि पारलिंगी व्यक्तींना असलेले छळाविरुद्धचे संरक्षण जराही कमी होत नाही. समानता कायद्याच्या कलम २६ नुसार, संरक्षित वैशिष्ट्याशी संबंधित नकोशा वर्तनामुळे एखाद्याची प्रतिष्ठा दुखावत असेल किंवा त्याच्याभोवती अपमानास्पद वातावरण तयार होत असेल, तर तो छळ ठरू शकतो. एका ठरावीक सहकाऱ्याला, तिच्या समोर, वारंवार आणि हेतुपुरस्सर असे संबोधणे त्या व्याख्येच्या फार जवळ जाते.

२०२२ चा मॅकेरेथ खटला इथे उपयोगी आहे. डॉ. मॅकेरेथ यांना अपंगत्वविषयक सरकारी लाभांसाठी येणाऱ्या अर्जदारांची तपासणी करायची होती. अर्जदाराने सांगितलेले सर्वनाम वापरण्यास त्यांनी धार्मिक कारणाने नकार दिला. अपील न्यायाधिकरणाने त्यांची धारणा संरक्षित मानली, तरीही ते हरले, कारण खात्याने त्यांच्या धारणेबद्दल शिक्षा केली नव्हती. येणाऱ्या माणसाशी सन्मानाने वागावे एवढी अपेक्षा ठेवली होती आणि त्यातून मार्ग काढण्याचा प्रयत्नही केला होता.

याची दुसरी बाजूही तितकीच ध्यानात ठेवा. हाच सहकारी कार्यालयाबाहेर, आपल्या फेसबुक पानावर, कोणाही सहकाऱ्याला लक्ष्य न करता आपले मत मांडत असेल, तर तेवढ्यावरून त्याच्यावर कारवाई करण्याचा मोह टाळा. ग्लॉस्टरशरमधील एका शाळेतील कर्मचारी क्रिस्टी हिग्ज यांना फेसबुकवरील मजकुरासाठी काढून टाकले गेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ती कारवाई प्रमाणाबाहेरची आणि म्हणून भेदभावाची ठरवली. भाषेबद्दल आक्षेप असला तरी थेट नोकरीवर घाव घालणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

म्हणून तुमच्या लेखी सूचनेत त्याच्या मताबद्दल एक शब्दही नसावा. कोणत्या बैठकीत, कोणाबद्दल, कोणते शब्द वापरले, आणि यापुढे कोणते वर्तन अपेक्षित आहे, एवढेच लिहा. तिचे नाव घेऊन बोलणे त्यालाही जमेल. सर्वनामाशिवाय निभते अशी वाक्ये रोजच्या कामात भरपूर असतात.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीबद्दल आमच्या रुग्णालयात वाद आहे. तक्रार केली तर मलाच द्वेष करणारी ठरवतील अशी भीती वाटते.

तुमची भीती काल्पनिक नाही, हे फाइफ आरोग्य मंडळाच्या प्रकरणाने दाखवले आहे. कर्कॉल्डी येथील व्हिक्टोरिया रुग्णालयातील नर्स सँडी पेगी २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री कामावर होत्या. अचानक पाळीचा जास्त रक्तस्राव झाल्याने त्यांना कपडे बदलायचे होते, आणि स्त्रियांच्या खोलीत एक पारलिंगी डॉक्टर होत्या. दोघींमध्ये बोलाचाली झाली. डॉक्टरांनी तक्रार केली, आणि पुढच्या महिन्यात पेगी निलंबित झाल्या. वर्तनाच्या आरोपांतून त्या २०२५ च्या जुलैमध्ये मोकळ्या झाल्या, म्हणजे दीड वर्षाने. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने मंडळाविरुद्धचा त्यांचा छळाचा दावा अंशतः मान्य केला आणि बाकीचे दावे, डॉक्टरांविरुद्धचेही, फेटाळले. त्यांच्या वकिलांनी अपील करण्याचे जाहीर केले.

यातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. ती खोली वापरण्याची मंडळाने डॉक्टरांना दिलेली परवानगी मुळातच बेकायदा होती, असे न्यायाधिकरणाने म्हटले नाही. पेगी यांनी हरकत घेतल्यावर मंडळाने जे केले आणि जे केले नाही, त्यावर ठपका ठेवला. तात्पुरती वेगळी व्यवस्था न करणे आणि चौकशी अवाजवी लांबवणे हे त्यात मुख्य होते. कामाच्या पाळ्या बदलून किंवा दुसरी एखादी खोली मोकळी करून चार दिवसांत सुटू शकणारा प्रश्न दोन वर्षे दोघींच्याही आयुष्यावर बसून राहिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्यासाठी कायद्याची चौकट अशी आहे. कामाच्या जागेविषयीच्या १९९२ च्या नियमांनुसार मालकाने पुरेशी स्वच्छतागृहे आणि, जिथे लज्जारक्षणासाठी आवश्यक असेल तिथे, कपडे बदलण्यासाठी स्त्रीपुरुषांची वेगळी सोय करायची असते. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या खटल्यात पाचही न्यायाधीशांच्या एकमताने ठरवले की समानता कायद्यातील ‘स्त्री’, ‘पुरुष’ आणि ‘लिंग’ यांचा अर्थ जैविक आहे, आणि लिंगमान्यतेच्या प्रमाणपत्राने त्या कायद्यापुरता तो बदलत नाही. तो वाद सार्वजनिक मंडळांवरील स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा होता. १९९२ च्या नियमांवर त्याचा नेमका परिणाम काय, यावर आता खटले चालू आहेत. पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणांचे निकाल एकमेकांवर बंधनकारक नसतात, म्हणून एखाद्या निकालाची बातमी वाचून त्यावर विसंबू नका.

तक्रार लेखी करा. तीत स्वतःची गरज आणि मागणी लिहा, सहकाऱ्याच्या शरीराविषयी किंवा खासगी आयुष्याविषयी काहीही लिहू नका. युनियनच्या प्रतिनिधीला आधी दाखवा. भेदभावाची तक्रार प्रामाणिकपणे केल्याबद्दल तुमच्यावर सूड उगवला गेला, तर तोही स्वतंत्र दावा होतो.

प्रश्न : मी पारलिंगी स्त्री आहे, मूळची नागपूरची, आता मँचेस्टरमध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानंतर मला नोकरीत काही संरक्षण उरले आहे का?

आहे. लिंगबदल हे वैशिष्ट्य कायद्यात जसेच्या तसे आहे. त्यासाठी शस्त्रक्रिया, औषधोपचार किंवा प्रमाणपत्र यांपैकी काहीही लागत नाही. कलम ७ प्रमाणे ती प्रक्रिया करण्याचा तुमचा विचार असणेही पुरते. तुम्हाला कामावर न घेणे, बढती नाकारणे, काढून टाकणे, टोमणे मारणे, हे सर्व आजही बेकायदा आहे. लोक तुम्हाला स्त्री समजून भेदभाव करत असतील, तर लिंगाधारित भेदभावाचा दावाही तुम्ही करू शकता. हे सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात नमूद केले. निकाल वाचून दाखवताना न्यायमूर्ती लॉर्ड हॉज यांनी तो एका गटाचा दुसऱ्यावरील विजय मानू नये, असे बजावले होते.

मात्र स्त्रियांसाठी राखीव सोयींच्या बाबतीत तुमची कायदेशीर बाजू पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे, हे मी लपवणार नाही. कंपनीकडे आतून कडी लावता येईल अशा, सर्वांना खुल्या स्वतंत्र खोल्यांची मागणी करा. तुम्हाला पुरुषांच्या खोलीत जायला सांगून विषय संपवणारी कंपनी स्वतःला धोक्यात घालते.

प्रश्न : लंडनच्या एका कंपनीच्या पुणे कार्यालयात मी एचआर सांभाळते. मुख्यालयाने तिकडचे धोरण तसेच्या तसे लागू करायला सांगितले आहे. करावे का?

करू नये. पुण्यातील कर्मचाऱ्यांचे प्रश्न भारतीय कायद्याने सुटतात, आणि दोन्ही देशांची मांडणी मुळातच वेगळी आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात लिंगओळख हा घटनात्मक हक्कांचा भाग मानला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली, प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि २०२० च्या नियमांनी समान संधीचे धोरण प्रसिद्ध करायला सांगितले. धोरण लिहिताना या कायद्याची अद्ययावत, दुरुस्त आवृत्तीच समोर ठेवा. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी पर्याय ठेवायला राज्य सरकारला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) आणि मग मुंबई उच्च न्यायालय यांनी २०२२ मध्ये भाग पाडले, हे तुमच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगण्याजोगे आहे.

उलट, फोर्स्टेटर निकाल ज्या ‘धारणा’ तरतुदीवर उभा आहे तशी खासगी नोकरीला लागू होणारी सर्वसाधारण तरतूद भारतात नाही. त्यामुळे लंडनच्या धोरणातील तो परिच्छेद पुण्यात निराधार ठरतो. पण म्हणून मतभेद असणाऱ्या कर्मचाऱ्याला गप्प करावे, असे मी सुचवणार नाही. वर्तनाची मर्यादा लिहा, मतांची यादी नको. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती आणि पारलिंगी कायद्याखालील तक्रार अधिकारी या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. त्यांची नावे, फोन क्रमांक आणि कामाची विभागणी एकाच पानावर मराठीत लावा.

प्रश्न : ब्रिटनमध्ये दावा करायला किती मुदत असते आणि किती खर्च येतो?

घटनेपासून तीन महिने उणे एक दिवस. त्याआधी ‘एकास’ या संस्थेकडे समेटाची सूचना द्यावी लागते. त्या काळात मुदतीचे घड्याळ थांबते. २०२५ च्या नव्या रोजगार हक्क कायद्यात ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण ती प्रत्यक्ष लागू झाल्याची खात्री होईपर्यंत जुनीच मुदत धरून चाला. दावा दाखल करण्याचे शुल्क २०१७ मध्ये युनिसन या कामगार संघटनेने जिंकलेल्या खटल्यामुळे रद्द झाले आहे. वकिलाचा खर्च सहसा ज्याचा त्याने करायचा असतो, म्हणून घरच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण आहे का आणि युनियन मदत करेल का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.