शेतातल्या खोलीत हीटर कुठं ठेवायचा?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडं परभणीत थंडी लई वाढली, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइट रात्रीचीच, म्हणून शेतातल्या पत्र्याच्या खोलीत थांबतो. छोटा गॅस हीटर आणलाय, कुठं ठेवू?

उत्तर: दादा, दाराच्या वाटेत अजिबात नको, पेट घेतला तर बाहेर पडायला तेवढीच वाट असते. सपाट फरशीवर ठेवा, कडबा, गोधडी, बारदाना सगळं निदान 3 फूट लांब. पण मला आगीपेक्षा जास्त भीती कार्बन मोनॉक्साइडची वाटते, म्हणजे बंद खोलीत हीटर नाहीतर शेगडी जळताना होणाऱ्या विषारी गॅसची, त्याला ना रंग ना वास, अन् रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा साधारण 200 पट घट्ट चिकटतो, त्यामुळं डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा असंल अन् तो झोपून जातो. म्हणून कितीबी गारठा असू द्या, खिडकी नाहीतर दार थोडं उघडं पाहिजेच, फटीला पोती कोंबू नका. झोपायच्या आधी हीटर बंद, सिलेंडरचा कॉकबी बंद. कोळशाची शेगडी तर आत नेऊच नका, विझत आलेली सुद्धा हा गॅस सोडत राहते. कुणाला गरगरलं तर आधी त्याला उघड्यावर आणा अन् लगेच 108 ला फोन करा.