हरीण जागेवर साफ करताना हातकुऱ्हाड लागते का?

अमेरिकेत परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पहिल्या शिकारीला निघालाय आणि सुरीसोबत हातकुऱ्हाड न्यावी का, असं तुम्ही विचारलंय. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे उत्तर तिकडचंच.)

न्या, पण तिचं काम दोनच हाडांवर आहे: छातीचं आणि ओटीपोटाखालचं. पाय तोडायला ती काढू नका. गुडघ्याचा सांधा वाकवून बोटाने चाचपलात की फट लागते, आणि तिथे सुरी सहज फिरते. घाव घातलात तर हाड चिरफाळतं, बारीक कपच्या मटणात घुसतात आणि खाताना दाताखाली येतात.

आधी गुदद्वाराभोवती सुरीने गोल कापून ते दोरीने बांधा. मग पोट उघडा. सुरीची धार वर ठेवा आणि टोक दोन बोटांच्या मध्ये धरा, म्हणजे आतडं फुटत नाही आणि केसही कमी कापले जातात. पोटाची पिशवी छातीच्या हाडाच्या टोकाला अगदी खेटून असते. ती बाजूला ओढल्याशिवाय कुऱ्हाड हातात घेऊ नका.

इथेच बहुतेकांचं चुकतं. कुऱ्हाड डोक्यावरून हाणायची नाही. गुडघे टेकून बसा, धार हाडाच्या मधोमध टेकवा आणि मागच्या बोथट बाजूवर मनगटाएवढ्या जाड ओल्या लाकडाने हलके ठोके द्या. चार-पाच ठोक्यांत हाड उकलतं. हातोडा वापरू नका, लोखंडावर लोखंड आपटलं की ठिकरी उडून डोळ्यात जाते. डोकं भिंतीवर लावायचं असेल तर चीर पुढच्या पायांच्या मागेच थांबवा.

ओटीपोटाखालच्या हाडाला मधोमध सांध्याची रेघ असते. कोवळ्या हरणाचं ते सुरीनेही उकलतं, म्हाताऱ्या नराचं घट्ट जुळलेलं असतं. त्याच्या लगेच खाली लघवीची पिशवी असते, म्हणून ठोका आणखी हलका. माझं मत विचाराल तर गुदद्वार नीट सुटलं असेल तर हे हाड फोडायची गरजच नाही, सगळं आतून ओढून निघतं.

पाठीचा कणा आणि कवटी मात्र कुऱ्हाडीने कधीच फोडू नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) मेंदूत आणि मज्जारज्जूत भरपूर असतात, आणि शिजवूनही नष्ट होत नाहीत. हातमोजे घाला, आणि त्या भागात तपासणीची सोय असेल तर नमुना द्या.

कुऱ्हाड साधारण ६०० ग्रॅम डोक्याची आणि ३५ सेंटीमीटर दांड्याची पुरे. लाकडासाठी पातळ घासलेली धार हाडावर टवके टाकते, म्हणून ती ३० अंशांच्या आसपास जाड ठेवा. पोट रिकामं झालं की आत काडी लावून ते उघडं ठेवा. मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं पाहिजे.